त्रेचाळीस डबे आणि एक गुडघा

कॉलेजात तिला नावानं हाक मारणारे फार तर तिघे-चौघे असतील. बाकी सगळ्यांसाठी ती चावीबाई. कमरेला एकोणीस चाव्यांचा जुडगा, खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि पिशवीच्या बाहेरच्या खणात गुंडाळलेली एक चपटी निळी वायर, अशी ती पाच इमारतींतून दिवसभर फिरायची. जिन्यात चाव्या वाजल्या की वरच्या मजल्यावरच्या कारकुनांना कळायचं, बाई येतायत. मग ज्याचा कॉम्प्युटर सकाळपासून रुसून बसला असेल तो दारात येऊन उभा राहायचा. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

तिचं काम सांगायला सोपं आहे. कॉलेजातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची, प्रिंटरची, फोनची वायर भिंतीच्या कडेकडेनं कुठल्या ना कुठल्या कपाटात जाते. तिथं एक चपटा डबा असतो, त्याला ओळीनं चोवीस नाहीतर अठ्ठेचाळीस भोकं. हा स्विच. कोणाचा निरोप कोणाकडे पाठवायचा, कोणत्या भोकातल्या वायरीला काय करायची मुभा आहे, हे सगळं तो बघतो. पण डबा काही पोटातून शिकून येत नाही, त्याला कोणीतरी शिकवावं लागतं. ते चावीबाईचं काम. असे डबे होते त्रेचाळीस. कपाट उघडायचं, निळी वायर डब्याला जोडायची, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि सात-आठ ओळी टाइप करायच्या. हिशेबाची शाखा दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आली, की दोन कपाटं. सगळ्यांसाठी एखादा नवा नियम निघाला, की त्रेचाळीस कपाटं, आणि त्याच सात ओळी त्रेचाळीस वेळा. नियम काढणाऱ्यांचं काय जातं? ते एका कागदावर सही करतात आणि चहा मागवतात.

तिची एक पद्धत होती. प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून दोऱ्यानं बांधलेली एक छोटी वही होती. तारीख, काम, सही. वहीत लिहिल्याशिवाय कपाट बंद करायचं नाही. ही वही तिच्याखेरीज कोणी वाचत नसे, आणि वाचून कोणाला काही कळलंही नसतं. कॉलेजचा इलेक्ट्रिशियन या वहीला ‘कपाटांची रोजनिशी’ म्हणायचा आणि वर विचारायचा, आज कपाटाला काय वाटलं तेही लिहिलं का?

या इलेक्ट्रिशियनला सगळे फ्यूजराव म्हणत. काहीही बिघडलं तरी त्याचं निदान एकच, फ्यूज गेला असणार. एकदा कॉलेजची घंटा फुटली, कांस्याची, हातानं वाजवायची, तरी हा पठ्ठ्या फ्यूज बघून आला म्हणतात. चावीबाई आणि तो एकाच वर्षी नोकरीला लागले आणि त्याच आठवड्यात भांडले. तेव्हापासून रोज थोडं भांडल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नसे.

आता गुडघ्याकडे येऊ, कारण गोष्ट खरी त्याची आहे. पाच इमारतींपैकी एकीलाच लिफ्ट होती, आणि ती लिफ्ट स्वतःच विश्रांतीवर असायची. बावीस वर्षं जिने चढून उतरून चावीबाईचा उजवा गुडघा झिजला. आधी ठणकायचा, मग सुजायला लागला, मग सरळ होईनासा झाला. इतरांसारखं एका पायरीवर एक पाय टाकत जाणं तिचं कधीच सुटलं होतं. ती आधी डावा पाय वर टाकायची, मग उजवा ओढून त्याच पायरीवर आणायची, मग कठड्याला धरून थोडं थांबायची. कोणी बघत असलं की थांबल्यावर चाव्या मोजत असल्याचं सोंग करायची.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरून सरळ सांगितलं होतं. सांधा बदलायला हवा. वर्ष संपायच्या आत केलं तर पाय पुन्हा नीट होईल. आणखी पुढे ढकललं तर वाकलेला पाय वाकलेलाच राहण्याची भीती. ऑपरेशननंतर सहा आठवडे घरी. चावीबाई ‘बघते’ म्हणाली आणि घरी येऊन ती फाइल कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे टाकून दिली.

पण घरात नणंद होती. चावीबाईचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्याची मोठी बहीण, शाळामास्तरीण होऊन निवृत्त झालेली, तेव्हापासून तिच्याजवळच राहत होती. कोण कोणाला सांभाळायला राहिलं याचा निकाल अजून लागायचा होता. चाळीस वर्षं मुलांच्या दप्तरातून लपवलेल्या चिठ्ठ्या काढणाऱ्या बाईपासून एक फाइल लपवायची म्हणजे मांजरापासून दूध लपवण्यातला प्रकार. तिनं ती तिसऱ्या दिवशी शोधली, चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि जेवताना ताटाशेजारी ठेवली.

“कधी करायचंय हे?”

“सुटीत बघू, ताई.”

“मागच्या सुटीत डॉक्टरकडे जायचं होतं तेव्हाही हेच म्हणाली होतीस. दुखणं अंगावर काढायला तुला कोणी बक्षीस देणार आहे का?”

चावीबाईनं मग नेहमीचं कारण पुढे केलं. सहा आठवडे आपण नसलो तर त्रेचाळीस डब्यांकडे कोण बघणार? दुसरं माणूस नाही. एखादा डबा अडला तर सगळी इमारत अडेल. हे सगळं खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं, ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. नवरा गेला त्या वर्षी घरी आल्यावर भिंती अंगावर यायच्या, आणि सकाळी जिन्यात आपल्या चाव्यांचा आवाज ऐकला की तिला वाटायचं, चला, आपण कोणाला तरी हव्या आहोत. आपल्यावाचून कॉलेज बंद पडेल याची तिला भीती होती हे खरं. आपल्यावाचून ते बिनबोभाट चालेल याची त्याहून जास्त भीती होती.

त्या सुमारास कॉलेजनं तिला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं तिनं पहिल्यांदा ते यंत्र जवळून पाहिलं. दिसायला आणखी एक चपटा डबाच. पण तो एका जागी बसून बाकीच्या सगळ्या स्विचना शिकवायचा. स्विचचे गट पाडायचे, एकेका गटाला काय सांगायचं ते एकदाच पडद्यावर लिहायचं, बटण दाबायचं. गटातल्या प्रत्येक डब्यापर्यंत हुकूम आपोआप पोचतो. कोण चालू, कोण बंद, सगळं एका पडद्यावर, चालू असेल त्याच्यापुढे हिरवा ठिपका, नसेल तर लाल. ती दोन दिवस पहिल्या रांगेत बसली आणि परत येताना बसमध्ये गुडघा चोळत तिनं मनाशी ठरवलं, हा डबा आणायचा.

रजिस्ट्रार साहेब हे कॉलेजच्या कारभाराचं शेवटचं कुलूप. माणूस वाईट नाही, पण नव्या वस्तूवर त्यांचा जन्मजात संशय. त्यांनी यंत्राचं आणि मग हवी असलेल्या सहा आठवड्यांच्या रजेचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही आता उंटावरून शेळ्या हाकणार.”

ती म्हणाली, तसं समजा साहेब, पण शेळ्या शहाण्या आहेत.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. आज एक डबा बंद पडला तर एक मजला बंद पडतो. उद्या सगळे या एकावर टेकले आणि हाच बसला, तर? भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हायचा. चावीबाईनं समजावून सांगितलं की तसं होत नाही, मुख्य डबा फक्त शिकवतो, शिकलेलं स्विचच्या डोक्यात राहतं. शिकवणारा गेला तरी ते आपलं काम करत राहतात. साहेबांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. शेवटी त्यांनी एक अट घातली. परीक्षेच्या अर्जांची गर्दी पहिल्या तारखेपासून सुरू होते. त्याच्या आत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस डबे एका पडद्यावर दाखवायचे, आणि त्यांच्यासमोर एक हुकूम देऊन सगळ्यांनी तो पाळलेला दाखवायचा. जमलं तर सहा आठवड्यांच्या रजेवर सही. नाही जमलं तर यंत्र परत, आणि रजेचं उन्हाळ्यानंतर बघू. उन्हाळ्यानंतर म्हणजे डॉक्टरीणबाईंनी दिलेली मुदत टळून गेल्यावर. हे साहेबांना ठाऊक नव्हतं आणि तिनं सांगितलं नाही.

यंत्र आलं. गट पाडायचं काम तिनं घरी, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून केलं. पाच इमारती, पाच गट, असं तिनं सरळ मांडलं होतं. नणंदेनं भाजी निवडता निवडता मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, हे काय? आम्ही शाळेत वर्ग इयत्तेवरून पाडायचो. कोण कोणत्या गल्लीत राहतो यावरून नाही.  चावीबाईनं तो कागद फाडला आणि नवा घेतला. ऑफिसचे डबे एका गटात, मग ते कुठल्याही इमारतीत असोत. ग्रंथालयाचे दुसऱ्या. प्रयोगशाळा, वर्गखोल्या, वसतिगृह. एकाच धड्याचे सगळे एका वर्गात. त्या दिवसापासून नणंद त्या मुख्य डब्याला हेडमास्तर म्हणायला लागली आणि आपण त्याच्या नेमणुकीत हातभार लावला असं शेजारणींना सांगायला लागली.

पण हेडमास्तरांची ओळख करून द्यायला प्रत्येक डब्याकडे एकदा जाणं भाग होतं. ‘यापुढे या पत्त्यावरून येणारं सांगणं ऐकायचं’ एवढं त्याच्या कानात जवळून सांगावंच लागतं. म्हणजे जिने चुकवण्यासाठी आधी सगळे जिने चढायचे. त्रेचाळीस कपाटं, अकरा दिवस. फ्यूजराव तिच्याबरोबर एक घडीची खुर्ची घेऊन फिरला. प्रत्येक मजल्यावर खुर्ची मांडायचा, ती बसायची, आणि दोघं कपाटात काय सापडलं यावर वाद घालायचे. एका कपाटात कोणाची तरी छत्री होती, एकात पालीची अंडी, एकात कुणा प्राध्यापकानं जप्त केलेले पत्त्यांचे तीन जोड. एकतिसावा डबा संगीताच्या खोलीवरच्या माळ्यावर होता. त्याला अकरा पायऱ्यांचा अरुंद लाकडी जिना, कठडा एकाच बाजूला आणि तोही डाव्या. फ्यूजराव म्हणाला, बाई, मला सांगा काय टाइप करायचं ते, मी जातो. पण त्याला आधी एकदा टाइप करायला दिलं होतं, तेव्हा सात ओळींत त्यानं नऊ चुका केल्या होत्या. ती स्वतःच चढली. उतरताना शेवटच्या चार पायऱ्या बसून उतरली. फ्यूजराव दुसरीकडे तोंड करून दिव्याचा फ्यूज बघत होता.

मुदतीच्या तीन दिवस आधी पडद्यावर त्रेचाळीस हिरवे ठिपके दिसले.  मग तिनं छोटे छोटे हुकूम देऊन पाहिले. सगळ्यांची घड्याळं एका वेळेवर आणली. वसतिगृहाच्या गटाला एक किरकोळ नियम शिकवला. पूर्वी याला दोन दिवस लागत. आता चहा निवायच्या आत झालं. आणि इथंच माणसाचा घात होतो. साहेबांना घड्याळं काय दाखवायची, असं तिला वाटलं. काहीतरी मोठं दाखवू.

मोठं म्हणजे असं. वायर एकच असली तरी तिच्यातून वेगवेगळ्या नंबरांचे रस्ते काढता येतात, एका रस्त्यावरचं दुसऱ्यावर जात नाही. मुख्य डब्याचे हुकूम आजवर एक नंबरच्या रस्त्यानं जात होते, आणि त्याच रस्त्यावर सगळ्या कॉलेजची वर्दळ. एखादा उपद्व्यापी विद्यार्थी मध्येच उभा राहून हुकूम ऐकू शकला असता. हुकुमांसाठी सत्तर नंबरचा वेगळा रस्ता करावा, हे तिच्या मनात प्रशिक्षणापासून होतं. पायी करायचं तर पुन्हा अकरा दिवस लागले असते. ते तिनं साहेबांसमोर एका बटणात करायचं ठरवलं.

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आले. मुख्य डब्याची खोली म्हणजे तळमजल्यावरची एक अरुंद जागा. एक टेबल, एक पडदा, आणि टेबलाखालच्या लोखंडी रॅकवर तो डबा आणि त्याच्याखाली त्रेचाळीसांपैकी पहिला स्विच. साहेब खुर्चीवर बसले, फ्यूजराव दाराला टेकून उभा राहिला. चावीबाईनं काय करणार ते सांगितलं, सगळे गट निवडले आणि बटण दाबलं.

काही सेकंद काही झालं नाही. मग वसतिगृहाचा एक ठिपका लाल झाला. मग दुसरा. मग बघता बघता ग्रंथालय, प्रयोगशाळा, ऑफिस, रांगच्या रांग लाल होत गेली आणि पडद्यावर एकही हिरवा ठिपका उरला नाही.

“हे काय झालं?” साहेब उभे राहिले. “सगळं बंद पडलं?”

 तिचा हात आपोआप कमरेच्या जुडग्याकडे गेला. त्रेचाळीस कपाटं. अकरा दिवस. पहिली तारीख परवा. तिला माळ्याचा लाकडी जिना दिसला, आणि आता आपल्याला तो चढता येणार नाही हे तिला इतकं लख्ख कळलं की डोळ्यांत पाणी आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब काही बोलत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. बावीस वर्षांच्या सवयीनं तिनं आधी नुकसान किती ते बघायला फोन उचलला आणि ग्रंथालयात लावला. पुस्तकांची नोंद होतेय का, तिनं विचारलं.

“होतेय की,” ग्रंथपाल म्हणाले. “का, व्हायला नको होती?”

फ्यूजराव तोवर समोरच्या ऑफिसात जाऊन आला होता. प्रिंटर धडधड चाललेत म्हणाला, आणि तिथला कारकून म्हणतोय की मला त्रास देऊ नका. तिनं वसतिगृहात फोन केला. तिथंही सगळं सुरळीत. प्रयोगशाळेतही.

ती फोन ठेवून पडद्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. कोणीही चुकलं नव्हतं. तिनं सांगितलं, एक नंबरचा रस्ता सोडा आणि सत्तरवर या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस डब्यांनी मुकाट्यानं ऐकलं. तिकडे ते तिची वाट बघत उभे होते. मुख्य डब्याला मात्र सत्तरवर जा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. तो जुन्या रस्त्यावरच थांबून हाका मारत होता. जगाला शिकवायच्या नादात ती स्वतःच्या घरच्याला सांगायला विसरली होती. सगळे पुढे गेले होते, मागे राहिली होती ती एकटी.

साहेबांनी पुन्हा विचारलं, मग या लाल ठिपक्यांचा अर्थ काय?

“शेळ्या मजेत चरतायत, साहेब,” ती म्हणाली. “उंटच वाट चुकलाय.”

साहेब हसले नाहीत, पण खाली बसले. ती निळी वायर काढून टेबलाखाली वाकायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. गुडघा वाकेना. बावीस वर्षांत ती वायर तिनं कोणाच्या हातात दिली नव्हती. तिनं ती फ्यूजरावापुढे धरली. तो गुडघ्यांवर बसला, त्या पहिल्या स्विचचं भोक तिनं सांगितलं तसं शोधलं आणि वायर खट्कन बसवली. एकदाही फ्यूजचं नाव काढलं नाही. तिनं लॅपटॉप उघडला. मुख्य डबा ज्या भोकात जोडलेला होता, तेवढ्या एका भोकाला सत्तर नंबरच्या रस्त्यावर घेतलं. एक ओळ. दोनदा वाचली, मग दाबली.

पहिला ठिपका हिरवा झाला तो ऑफिसचा. मग दोन, मग सहा. साहेब बोट पडद्याकडे धरून मोठ्यानं मोजायला लागले, जणू शाळेत हजेरी घेतायत. बेचाळीसवर येऊन थांबले. एकतिसावा लाल होता.  माळ्यावरचा तो डबा जुना, त्याला उठायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं, तरी तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. मग तोही हिरवा झाला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेवीस मिनिटं झाली होती, आणि या तेवीस मिनिटांत कॉलेजातल्या एकाही माणसाला काही कळलं नव्हतं.  जे त्या दिवशी सांगून पटलं नव्हतं ते आता तिच्या चुकीनं त्यांना डोळ्यांनी दिसलं होतं. मग त्यांनी विचारलं, “खरं सांगा. तुम्ही इथं नसलात, तर हे किती दिवस चालेल?”

इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. एक दिवससुद्धा नाही, साहेब. हे वाक्य तिनं दोन रजिस्ट्रारांना ऐकवलं होतं आणि नणंदेला तर कितीदा तरी. आत्ताही ते जिभेवर आलं. तिनं ते गिळलं.

“नवीन काही शिकवायचं नसेल तर चालेल,” ती म्हणाली. “सगळ्यांना आपापलं काम ठाऊक आहे. सहा आठवडे तर सहज.” आणि मग, गुडघ्यावर हात ठेवून, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं तेही तिनं पहिल्यांदाच सांगून टाकलं.

साहेब तिच्यावर चिडले. डब्यासाठी नव्हे, इतके दिवस न सांगितल्याबद्दल. अर्ज आणा म्हणाले, आत्ता. तिनं अर्ज दोन महिन्यांपूर्वीच लिहून ठेवला होता. फक्त तारीख बदलायची होती.

घरी गेल्यावर तिनं नणंदेला सगळं सांगितलं. लाल ठिपक्यांपर्यंत आल्यावर नणंद म्हणाली, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पण म्हणता म्हणता तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी चावीबाईनं लॅपटॉप मागितला. अंथरुणावरून नुसते ठिपके बघता येतात, बाकी काही करणार नाही, अशी शपथ घेतली. नणंदेनं लॅपटॉप ट्रंकेत घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली होती. घरभर तिची एकुलती एक किल्ली वाजत फिरे. पाय दिवसातून मोजून चारदा वाकवायचा, हा एकच धडा त्या घरात चालू होता, आणि मास्तरीण कडक होती.

दहाव्या दिवशी फ्यूजरावाचा फोन आला. तिनं घाईघाईनं विचारलं, काय बंद पडलं?

“काहीच नाही, बाई. तेच सांगायला केला.” मग तो म्हणाला, “भांडायला कोणी नाही इथं. लवकर या.”

 काही बंद पडलं नाही याचं वाईट वाटेल, असं तिनं धरलं होतं. थोडं वाटलंही, खोटं कशाला सांगा. पण काही बिघडलेलं नसतानाही कोणी लवकर या म्हणू शकतं, हे तिला त्या दिवशी नवीन होतं.

सहा आठवड्यांनी ती काठी टेकत कामावर गेली. आल्या आल्या साहेबांनी तीन नवे नियम पुढ्यात टाकले, ते तिनं खुर्चीत बसून एका सकाळी पाच वर्गांना शिकवले. काठी सुटायला आणखी दोन महिने गेले. जुडगा आता टेबलाच्या खणात असायचा. महिन्यातून एखाद्या वेळी खरोखरच वायर तुटली तरच निघायचा. जिन्यात तिच्या चाव्या वाजेनाशा झाल्या, म्हणून कारकून मंडळी आता तिच्या खोलीत यायला लागली, काम असलं तरी आणि नसलं तरी. खोलीत आणखी दोन खुर्च्या ठेवाव्या लागल्या.

एका दुपारी तिनं खणातून एकच चावी काढून घेतली आणि कोणाला न सांगता संगीताच्या खोलीकडे गेली. माळ्याच्या जिन्याखाली उभी राहून तिनं वर पाहिलं. मग डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि उजवा सरळ दुसरीवर. तिसरीवर डावा. चौथीवर उजवा. कठड्याला तिनं नुसता हात लावला होता. अकराव्या पायरीवर ती थांबली, ती फक्त हसू आवरेना म्हणून.

कपाट उघडलं. एकतिसावा डबा आपल्या बारीक दिव्यांची उघडझाप करत कामात होता. तिनं त्याला हात लावला नाही. दाराला दोऱ्यानं बांधलेली वही मात्र उघडली, कारण पद्धत ती पद्धत. मागच्या ओळींवरून तिनं नजर फिरवली. बावीस वर्षांच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे काही ना काही काम. तिनं आजची तारीख घातली, थोडा विचार केला, आणि पुढे लिहिलं, ‘काम काही नाही. सहज चढून आले.’ मग खाली सही केली.